भाचा पावणेतीन वर्षांचा, अजून दोन शब्द जोडत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर लुडबुडत असते, आज वेगळ्याच कारणाने लिहितेय.

धाकट्या बहिणीचा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. ती मंडळी चिपळूणला असतात, मी डोंबिवलीत. त्याचे शब्द मोजून दहा-बारा. आई, बाबा, मम्, भू, दे, नाई, असे. 'आई दे' असं जोडून एकदाही म्हटलेलं नाही. चालायलाही दीड वर्षानंतर लागला. समज मात्र चांगली वाटते. हवं ते बोटाने दाखवतो, व्हिडिओ कॉलवर मला बोळक्यातून खोटाखोटा चहा पाजतो. पण मागून हाक मारली तर पाचातल्या दोनदा वळतो. "आपल्याच नादात असतो," असं घरचे म्हणतात.

गणपतीत सगळे जमले आणि घरात खटलाच उभा राहिला. आरोपी अर्थातच बहीण. ती पतसंस्थेत नोकरी करते. सासूबाई म्हणतात, हिने मोबाइल हातात दिला म्हणून. सासरे म्हणतात, आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप चौथ्या वर्षापर्यंत गप्प होता (आता थांबवावा लागतो, हे खरं आहे). आत्याच्या मते जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या. शेजारच्या काकू रोज सकाळी वेखंड उगाळून आणून देतात. डॉक्टर म्हणाले तीनपर्यंत वाट बघू. बहीण रात्री फोनवर रडते आणि मला काय सांगावं कळत नाही.

जुनी फाइल मागवून वाचली. ३४ आठवड्यांना जन्म, वजन १ किलो ८००. लगेच रडला नव्हता. नऊ दिवस काचेत होता, कावीळ इतकी चढली की रक्त बदलायची वेळ येते की काय असं झालं होतं, निळ्या दिव्यावर निभावलं. कानाची तपासणी झाल्याचा कागद फाइलमध्ये नाही. आता दिवसाला चार-पाच बाटल्या दूध पितो, जेवण म्हणाल तर मोबाइल लावून चार घास. सर्दी कायमची, तोंड उघडं टाकून घोरतो.

एवढ्या सगळ्यात नक्की काय कारणीभूत असेल? सुरुवात कुठून करायची? आणि घरच्यांना कसं समजवायचं?

हिरवीमिरची: काळजी करू नका हो, माझा पुतण्या साडेतीनला बोलला. आता कॉलेजात वादविवाद स्पर्धा जिंकतो.

कानगोष्टी: वरच्या प्रतिसादाशी पूर्ण असहमत. असे पुतणे सगळ्यांकडे असतात, कारण जे नाही बोलले त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडतं, तिसऱ्याच्या आसपास त्याचं बोलणं परक्या माणसालाही बरंचसं कळतं. पावणेतीनला थांबण्यात काही अर्थ नाही. मुदतपूर्व बाळांचं वय आपण दुरुस्त करून मोजतो, पण साधारण दोन वर्षांपर्यंतच. ती सहा आठवड्यांची सूट आता संपली.

मी ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारी तज्ज्ञ) आहे, म्हणून कानापासूनच सुरुवात करते. तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळे धागे आहेत. एक, नऊ दिवस काचेत आणि चढलेली कावीळ. फार वाढलेल्या काविळीने ऐकण्याच्या नसेला इजा होऊ शकते. अशा मुलांचा आतला कान ठीक असतो, त्यामुळे साधी ओएई तपासणी (ती फक्त आतला कान बघते) 'पास' येते आणि घरचे निश्चिंत होतात. नसेतून मेंदूकडे जाणारा मार्ग ठीक आहे का, ते बेरा नावाच्या तपासणीत कळतं. म्हणून या मुलाला बेरा हवीच, केवळ ओएईवर समाधान मानू नका. दोन, सततची सर्दी आणि घोरणं. नाकामागची गाठ वाढलेली असली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे कळतच नाही. मुलाला जग उशीखालून आल्यासारखं ऐकू येतं. कान-नाक-घसावाल्यांकडे पडद्याची तपासणी पाच मिनिटांत होते.

"कुकरच्या शिट्टीला दचकतो, मग ऐकू येतंच" असं घरचे म्हणतीलच. अर्धवट ऐकू येणारं मूलही मोठ्या आवाजाला दचकतं. स, श, फ असे बारीक आवाज त्याच्या हाती लागत नाहीत.

जिभेबद्दल थोडक्यात. चिकटलेल्या जिभेने उच्चार बिघडू शकतो, शब्द कमी होत नाहीत. कापाकापीची घाई करू नका. आणि वेखंडाने कान उघडत नाही.

सांजवात: ताई, मी अंगणवाडीची निवृत्त मुख्यसेविका. तीस वर्षं हे बघितलं. घरात एकच कारण शोधतात आणि ते नेमकं सुनेवर येऊन थांबतं. पण ही कारणं एकावर एक साठत जातात. २०१८ मध्ये देशातल्या पाच भागांत केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा. २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांमध्ये साधारण आठातल्या एकाला मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण होती, त्यात ऐकण्याचीही धरलेली. संबंध कशाशी दिसला? घरी झालेलं बाळंतपण, जन्मताना गुदमरणं, जन्मानंतरचं आजारपण, मेंदूचा संसर्ग, कमी वजन किंवा मुदतीआधी जन्म, खुंटलेली उंची. तुमच्या भाच्याच्या फाइलीत यातल्या तीन गोष्टी सरळ दिसतात. बहिणीची नोकरी या यादीत नाही.

आता दुधाची गोष्ट पण बोलते. पाच बाटल्या दूध म्हणजे पोट भरलेलं आणि रक्त पातळ. दुधात लोह नावापुरतं, वर जेवणातलंही नीट शोषू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या शंभरातली जवळपास ६९ मुलं रक्तक्षयाची निघाली, तेव्हा हे काही जगावेगळं नाही. लोह कमी पडलं की मूल मंदावतं, चिडचिडतं, शिकण्यातही मागे पडतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकाच वेळी करून घ्या. बाटली बंद करून पेला द्या. दिवसाला अर्धा लिटर दूध पुरे.

तपासणी फुकट होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं (ही योजना २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाली), पण त्याची वाट बघू नका. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत देणारं) चौकशी करा. मुंबईला येणार असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था फक्त बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीच आहे.

तिरफळ: मोबाइलला कोणी निर्दोष सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, वर्षाच्या आत अजिबात नको, दोन वर्षांनंतर दिवसाला तासाभराच्या वर नको.

कानगोष्टी: @तिरफळ, मान्य. मोबाइल चालू असतो तेवढा वेळ घरात कोणी मुलाशी बोलत नाही, खरं नुकसान तिथे होतं. पण उलटंही बघा. ज्याला कमी ऐकू येतं ते मूल चित्राला जास्त चिकटतं, कारण तिथे त्याला सगळं समजतं. मोबाइल बंद कराच, पण तो बंद केला म्हणून कान तपासायचे राहू देऊ नका.

धागाकर्ती: खूप आभार. बहिणीला सगळा धागा वाचून दाखवला. 'नोकरी यादीत नाही' या ओळीला ती थांबली आणि पुन्हा वाच म्हणाली.

सासूबाईंचं मात्र अडलंय. "माझ्या नातवाला बहिरा ठरवताय," म्हणून दोन दिवस अबोला.

सांजवात: त्यांना 'तपासणी' म्हणू नका, 'कान साफ करून आणू, सर्दी मुरलीय' म्हणा. खोटं काहीच नाही त्यात. आणि बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं सासूला सुनेकडून ऐकावं लागत नाही.

धागाकर्ती (अकरा दिवसांनी): अपडेट देते. चिपळूणलाच कानाच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी आहे, औषध सुरू केलंय. हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे कमीच. सासूबाईंनी स्वतःच बाटली फेकली, श्रेय त्यांना देऊन टाकलं. बेरा पुढच्या गुरुवारी वांद्र्याला. आदल्या दिवशी माझ्याकडे येतील, सासूबाईही येतायत, कारण तो त्यांच्याच मांडीवर झोपतो. बेराला मूल झोपलेलं लागतं ना? डोंबिवलीहून निघून लोकलमध्येच झोपला तर काय करायचं?

कानगोष्टी: आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, गाडीत खिडकीशी उभा करा. तिथे झोपेचं सरबतही देतात, म्हणून किती तास उपाशी ठेवायचं ते आधी फोन करून विचारा. सर्दी किंवा ताप असेल तर तसंही कळवा, तारीख पुढे ढकलतील. आणि जन्माची फाइल बरोबर घ्या, काविळीचे आकडे असलेलं पान वरच ठेवा.