मे महिन्यातील सिंधुदुर्ग सहल: मुक्काम कुठे करावा?

सचिव: नमस्कार. मेच्या दुसऱ्या आठवड्यातील आपल्या सोसायटीच्या सहलीसाठी सिंधुदुर्ग जिल्हा निश्चित झाला आहे. तिन्ही रात्री तारकर्लीलाच राहावे, असा समितीचा विचार असून त्यावर सभासदांनी आपले मत कळवावे.

ब-३०४: सचिव साहेब, माझे माहेर कुडाळजवळचे असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. तिन्ही रात्री तारकर्लीत काढल्या तर आपण फक्त वाळू पाहून परत येऊ. आपली बस पुण्याहून कोल्हापूर, संकेश्वर, आजरा या मार्गाने जाणार असेल, तर पहिली रात्र आंबोलीत काढावी, कारण सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या त्या गावात मे महिन्यातही संध्याकाळी हवा सुखद असते आणि हिरण्यकेशीचे उगमस्थान तिथून जवळच आहे. धबधबे मात्र या दिवसांत कोरडे असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरून सावंतवाडीत मोती तलाव आणि चितार आळीतील लाकडी खेळणी पाहावीत व दुपारी धामापूरला थांबावे. १५३० साली बांधलेल्या त्या तलावाच्या काठी भगवती देवीचे देऊळ आणि भरपूर सावली आहे. किनाऱ्यावर ऊन उतरल्यावर, म्हणजे चारनंतर पोहोचले तरी पुष्कळ झाले.

क-१०२: काकू, कुडोपीची कातळशिल्पे त्याच दुपारी उरकता येतील का? रस्ता त्याच बाजूचा वाटतो.

ब-३०४: दुपारी मुळीच नको. जांभ्याचा सडा, म्हणजे तिथले खडकाळ पठार, उन्हात इतका तापतो की पायांत चपला असूनही चटका जाणवतो, आणि तिथे सावलीला झाड मिळणे कठीण. शिवाय दगडात कोरलेल्या रेषा तिरप्या उन्हातच नीट उठून दिसतात. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत तिथे पोहोचता येत असेल तरच जावे. त्याच संध्याकाळी देवबागला जावे. तिथे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. संगमाजवळ पाण्याला ओढ असते, म्हणून पोहण्याचा हट्ट कुणी धरू नये.

अ-५०१: आमच्या आईंना सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा आहे. होडीत चढणे त्यांना जमेल का, आणि सहल मेअखेरीस ढकलता येईल का? आमच्या मुलीची परीक्षा वीस तारखेला संपते.

ब-३०४: मेअखेरीस नेल्यास किल्लाच हुकण्याची शक्यता आहे, कारण पावसाळ्यापूर्वी, साधारण २५ मेच्या सुमारास, मालवणहून किल्ल्याकडे जाणारी होडी वाहतूक बंद होते आणि ती ३१ ऑगस्टपर्यंत बंदच असते. आईंना होडीत चढता-उतरताना दोघांनी हात द्यावा लागेल. आत तटावर चढण्याचा आग्रह न धरता शिवराजेश्वर मंदिर आणि गोड्या पाण्याच्या विहिरी पाहिल्या तरी त्यांना समाधान वाटेल. किल्ला चौथ्या दिवशी सकाळी पहिल्या होडीने करावा आणि जेवून परतीला निघावे. जेवणाचे म्हणाल तर १ जूनपासून यांत्रिक मासेमारीवर बंदी येते, त्यामुळे ताज्या मासळीसाठीही मेचा पूर्वार्धच बरा. शाकाहारी मंडळींसाठी फणसाची भाजी आणि सोलकढी आहेच.

सचिव: मग पहिली रात्र आंबोली आणि पुढच्या दोन तारकर्ली, असे धरून चालू, तारखा बदलत नाहीत. अ-५०१, मुलीच्या परीक्षेमुळे आपल्याला येणे शक्य नसल्यास तसे कळवावे, म्हणजे आसने अडून राहणार नाहीत. घाटरस्त्याची सवय असलेला चालक बसमालकाकडे मागितला आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या आसनांसाठी रविवारपर्यंत नावे द्यावीत.