अल्माटी ते बुखारा रेल्वेने: डबा कुठला, तिकिटं कधी?

प्रश्न: आम्ही पुण्याचे चौघं, दोघं साठीपुढचे. कझाकस्तानातल्या अल्माटीपासून उझबेकिस्तानातल्या बुखारापर्यंतचा रेशीम मार्गाचा तुकडा रेल्वेनेच करायचाय. काय सांभाळावं?

उत्तर १: चौघं म्हणजे 'कुपे'च घ्या. चार बर्थची बंद खोली, परका कुणी नाही. 'प्लात्सकार्त' स्वस्त, पण आपल्या स्लीपरसारखा उघडा. खालचे बर्थ ज्येष्ठांना. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो. उपमा-पोह्यांची पाकिटं न्याच, शाकाहाऱ्यांचे हाल टळतात.

उत्तर २: वाटेतलं ताश्कंद–समरकंद हे ३४४ किमी अंतर 'अफ्रोसियाब' ही वेगवान गाडी सव्वादोन तासांत काढते, म्हणून तीच आधी भरते. विक्री उघडल्या उघडल्या घ्या. हुकली तर त्याच मार्गावरची जरा संथ गाडी 'शार्क'. नाव पासपोर्टबरहुकूम हवं. ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन स्थानकं आहेत, तिकिटावरचं नीट वाचा.

उत्तर ३: पुढेमागे चीन जोडणार असाल तर सीमेवर वेळ धरा. तिथे दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिमी, इकडे १५२०, म्हणून गाडी तशीच पुढे जाऊ शकत नाही.