मेंटल हेल्थ नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करायचं तर वॉर्डात राहायचं, नाहीतर करूच नये – तुमचं काय मत?

मलप्रभाकाठ:
बी.एस्सी. नर्सिंग होऊन तीन वर्षं झाली, बेळगावात एका खासगी दवाखान्यात जनरल वॉर्डला आहे. आता मेंटल हेल्थ नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करायचं डोक्यात बसलंय आणि त्यावरनं घरात रोज भांडण, म्हणून इथं टाकायलोय. (होय, मी बाईच आहे. आमच्या खानापूर साईडला बायका पण गेलो-आलोच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.)

माझं मत असं की आपल्या भागातल्या पोरींनी हा विषय घ्यायला पाहिजे, आणि घेतला तर वॉर्डात राहायला पाहिजे. डिग्री हातात पडली की साडी नेसून कॉलेजात लेक्चरर व्हायचं असेल तर नका करू, सीट दुसरीला द्या.

हे कशावरनं, तर मागच्या गळीत हंगामात एक ट्रॅक्टरवाला पाय मोडून आलेला. ऑपरेशन झालं, सगळं व्यवस्थित. तिसऱ्या रात्री मी नाईटला होतो, बघतो तर माणूस घामानं भिजलाय, हात थरथरायलेत आणि चादरीवरनं एकेक मुंगी चिमटीत धरून खाली टाकायलाय. मुंगी एक नाही. मला म्हणतो, "दावं सोड की गं, बैल पळालं". भावानं उशीखाली अंगारा ठेवला, शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली खुळं लागलं. मी आणि वॉर्डबॉयनं काय केलं, तर रोलर बँडेजनं हात कॉटला बांधले. सकाळी फिजिशियन आले, एकच प्रश्न विचारला, दारू कधी बंद झाली. ॲडमिशनच्या कागदावर 'हॅबिट्स'पुढं 'नो' लिहिलेलं, माझ्याच अक्षरात, कारण विचारताना सासरा शेजारी उभा होता आणि मी पण घाईत होतो. दारू बंद झाल्यावर दोन ते चार दिवसांत डेलिरियम ट्रेमेन्स येतो यावर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलेलं हो. समोर आला तर ओळखला नाही.

रामघाट_रोड:
ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं पण त्यावर औषध एम.एस्सी. नाही. दोन वर्षं पगार बंद, वर फी, वर हॉस्टेल. एका मध्यम शेतकऱ्याचं दोन-तीन वर्षांचं उसाचं बिल त्यात जातं. आणि बाहेर पडल्यावर बेडसाईडला बी.एस्सी.ला जो पगार तोच एम.एस्सी.ला, निदान आमच्या ओळखीत सगळीकडं असंच आहे. मग पोरी कॉलेजात जातात त्यात त्यांची चूक काय? जिथं डिग्रीला किंमत तिथं माणूस जाणार. तुम्ही नैतिकता शिकवताय आणि ईएमआय भरणार त्या.

निपाणीचा_पावणा:
+१. करायचंच तर क्रिटिकल केअरमध्ये कर बाई, आयसीयूला मागणी आहे, गल्फला पण चालतं. सायकॅट्रीवालीला लग्नात पण प्रॉब्लेम, खोटं नाही सांगत, आमच्यात एक स्थळ आलेलं, मुलगी काय करते म्हटल्यावर मध्यस्थ म्हणाला "खुळ्यांच्या दवाखान्यात असते", झालं, चहा पण अर्धा राहिला.

मलप्रभाकाठ:
अर्धा चहा टाकून उठणाऱ्याच्या घरात मला पण नाही जायचं 😄
रामघाट, पगाराचं बरोबर आहे तुमचं, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. बाहेरचं म्हणाल तर युकेत मेंटल हेल्थ नर्सचं रजिस्ट्रेशनच वेगळं असतं, म्हणजे ते लोक हे वेगळं काम मानतात. आपल्याकडं मात्र बी.एस्सी.त चार आठवडे धारवाडच्या मनोरुग्णांच्या सरकारी दवाखान्यात नेऊन आणतात आणि पोरी तिथं कोपऱ्यात घोळका करून उभ्या राहतात. मी पण राहिलेलो.

चिकोडीची_सिस्टर:
पोरी, मी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा, वर एक वर्षाचा सायकॅट्रीचा पोस्ट बेसिक डिप्लोमा, आणि बावीस वर्षं मनोरुग्ण वॉर्डात हाय. तुझी तळमळ खरी हाय पण रोग एक आणि गोळी दुसरी असं चाललंय तुझं. जे तुला त्या रात्री पाहिजे होतं ते काय? ॲडमिशनला नातेवाईकाला बाहेर काढून पेशंटला एकट्याला विचारायचं, "किती घेतोस, शेवटची कधी घेतलीस", आणि उत्तर लिहून ठेवायचं. पहिले तीन-चार दिवस घाम, थरथर, नाडी बघत राहायचं. पिणाऱ्याला ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) दिलंय का ते डॉक्टरला विचारायचं. याला एम.एस्सी. लागत न्हाई, एक शहाणी सीनियर लागते.

एम.एस्सी. झालेल्या आमच्याकडं येतात की. पहिलं वर्ष एज्युकेशन, रिसर्च, स्टॅटिस्टिक्स, दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट आणि डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध. पंचवीस पेशंटकडनं टिकमार्कचा फॉर्म भरून घेतात, फोटो काढतात, जातात. पेशंट अंगावर आला की सिस्टर सिस्टर म्हणून माझ्या मागं. आणि कायदा पण बघ. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, त्यात मेंटल हेल्थ नर्सची व्याख्या काय हाय? जनरल नर्सिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री असली आणि नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी असली तरी ती मेंटल हेल्थ नर्सच. सरकारला जे चालतं ते तुला का चालंना?

मलप्रभाकाठ:
सिस्टर, तुमच्यापुढं बोलायची माझी लायकी नाही, खरं व्याख्येचं तुम्ही सांगितलासा तेच मला खुपतंय. म्हणजे त्या रात्री बँडेज बांधणारी मी कायद्यानं मेंटल हेल्थ नर्सच होतो की! त्याच कायद्याचं ८९ कलम बघा, पेशंटची संमती नसताना भरती करायची तर एक सायकॅट्रिस्ट आणि दुसरा मेंटल हेल्थ प्रोफेशनल किंवा डॉक्टर, असं दोघांनी वेगवेगळं तपासायचं. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नाव नोंदवलं की नर्स पण त्यात बसते. माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायच्या कागदावर माझी सही चालणार, आणि मला 'नो' लिहिण्यापलीकडं काय येत नाही, हे बरोबर आहे?

तुमच्यासारखी सीनियर प्रत्येक वॉर्डात नाही हो. आमच्या वॉर्डात सगळ्यात सीनियर मीच, तीन वर्षांची.

टिळकवाडी_ट्यूटर:
मी ती साडी नेसून कॉलेजात गेलेली 😅 सायकॅट्रीत एम.एस्सी., सध्या शिकवते. आमच्या बॅचला सहा जणी, वॉर्डात राहिली एक. कारण रामघाट यांनी सांगितलंच, शिकवायच्या पोस्टला एम.एस्सी. मागतात, वॉर्डाच्या पोस्टला कोणी विचारत नाही. त्यामुळं "शिकवायला जाऊ नका" हे मला पटलं नाही. पुढच्या चाळीस पोरींना धारवाडच्या वॉर्डात कोपऱ्यात उभं राहू न देणारी कोणीतरी लागतेच ना.

पण सिस्टरबाईंचं पण सगळं पटलं नाही. डिझर्टेशन टिकमार्कची असतात, कबूल, माझं पण तसंच होतं. मला एम.एस्सी.नं जे दिलं ते प्रोसेस रेकॉर्डिंगनं दिलं. पेशंटशी बोलायचं आणि नंतर तो काय बोलला, मी काय बोलले, मला आतून काय वाटलं, हे शब्दाला शब्द लिहायचं. मी बैलहोंगलकडच्या एका आजीशी बोलले, त्या सारख्या म्हणायच्या "ब्यासर आगैती". मी टिळकवाडीची, कन्नड कामापुरतं, मी रेकॉर्डमध्ये लिहिलं 'पेशंटला कंटाळा आलाय'. आमच्या मॅडमनी त्या शब्दाला गोल केला आणि विचारलं, कंटाळा कशाचा, टीव्ही नाही म्हणून? परत गेले, परत बसले, तेव्हा कळलं आजी दोन महिने जेवत नव्हत्या आणि विहिरीकडं दोनदा जाऊन आल्या होत्या. आपण बेजार म्हणतो त्याच्या पण पलीकडचं ते ब्यासर. डिप्लोमाला पण हे शिकवतात, पण दोन वर्षं कोणीतरी आपलं प्रत्येक वाक्य तपासतंय याचा फरक पडतो.

निपाणीचा_पावणा:
मग भाषेचाच प्रश्न असेल तर महाराष्ट्रात करा, सांगली-कोल्हापूर हाकेवर आहे, पेशंट मराठी बोलतात. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतलं कोणी असेल तर सीमाभागाच्या कागदाचा कुठं उपयोग होतो का ते पण बघा.

टिळकवाडी_ट्यूटर:
आणि परत इथं आल्यावर? रजिस्ट्रेशन एका कौन्सिलकडनं दुसरीकडं न्यायचे हेलपाटे वेगळे, ते मी बघितलेत. पण मुख्य म्हणजे इथल्या वॉर्डात एका कॉटवर खानापूरचा, शेजारी सौंदत्तीचा. कन्नड टाळून इथं सायकॅट्री करता येत नाही, आणि मराठी टाळून पण नाही. बरं झालं, डोकं फिरायला सीमा नाही, नाहीतर त्याचा पण दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून राहिला असता.

रामघाट_रोड:
😂 पण मूळ प्रश्न तिथंच. पेशंट किती, पोस्ट किती?

टिळकवाडी_ट्यूटर:
पेशंटचं सांगते. बेंगळुरूच्या निम्हान्सनं (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) २०१५-१६ ला देशपातळीवर सर्व्हे केला, मोठ्या माणसांत १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच नव्हते. पोस्टचं तुम्ही म्हणता ते खरं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात टीममध्ये नर्सची जागा असते, ती पण हाताच्या बोटावर.

हुक्केरीचा_एक:
मी नर्स नाही, पेशंटचा भाऊ आहे. वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, आधी देव झाले, दर्गा झाला, दोन वर्षं त्यात गेली, मग धारवाड. बाकी गोळ्यांनी फरक पडेना म्हणून क्लोझापिन सुरू केली, त्या गोळीनं पांढऱ्या पेशी उतरू शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं, मी दर सोमवारी सकाळच्या एसटीनं त्याला घेऊन जायचो. सहाव्या-सातव्या आठवड्यात त्याचा घसा धरला, थोडा ताप. आई म्हणाली हळद-मिठाच्या गुळण्या कर, मेडिकलवाल्यानं गोळी पण दिली. मी सहज ओपीडीच्या सिस्टरना फोन केला तर त्या म्हणाल्या गुळण्या नंतर, आधी आत्ताच्या आत्ता रक्त तपासा, पांढऱ्या पेशी बघा, आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत पुढचा डोस देऊ नका. पेशी उतरलेल्याच होत्या.

त्या सिस्टर एम.एस्सी. होत्या का डिप्लोमा, मी कधी विचारलं नाही. खरं सांगू का, तुम्ही सगळे आपापल्या डिग्रीचं बोलायलाय. आम्हाला पाहिजे ते एवढंच की मंगळवारी तालुक्याला सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमाची मानसिक आजारांची ओपीडी असते तिथं फोन उचलणारी एक बाई असावी आणि ती दर सहा महिन्याला बदलू नये. रात्री-अपरात्री १४४१६ या सरकारी हेल्पलाईनला फोन लावलाय मी, टेली मानसवाले नीट बोलतात, पण त्यांना माझा भाऊ माहीत नाही.

चिकोडीची_सिस्टर:
हुक्केरीच्या भावा, लाखात बोललास.
मलप्रभे, मी माझं मत बदललं न्हाई. डिप्लोमा कर, एक वर्षात हो, वॉर्डात ये. खरं तुला एम.एस्सी.च करायची असंल तर माझी एक अट. फॉर्म भरायच्या आधी रजा टाक आणि आठ दिवस आमच्या वॉर्डात येऊन बस. मेट्रनला मी विचारते. नाईटला ये, दिवसा काय कळत न्हाई. आठव्या दिवशी पण यावं वाटलं तर खुशाल भर.

रामघाट_रोड:
ही अट मला मान्य. निदान फी भरायच्या आधी ट्रायल तरी होईल.

मलप्रभाकाठ:
सिस्टर, मेसेज केलाय तुम्हाला. रजा मिळाली तर पुढच्याच आठवड्यात येतो. एम.एस्सी.ला लागणारे ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव, दोन्ही आहेत माझ्याकडं, फॉर्म कुठं पळून जात नाही.

कॉलेजवाल्यांना बोललो ते मागं घेतो, निम्मं 🙂

निपाणीचा_पावणा:
त्या ट्रॅक्टरवाल्याचं काय झालं ते कोणीच विचारलं नाही.

मलप्रभाकाठ:
बरा होऊन गेला की. नवव्या दिवशी डिस्चार्ज. मनगटावर माझ्या बँडेजचे वळ होते, मी त्यावर मलम लावत होतो आणि मान वर करून बघायचं धाडस होईना. त्यालाच माझी दया आली असणार. म्हणाला, "बाई, आता नाहीत बघा मुंग्या. होत्या खरं."

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. तो कुठल्या अर्थानं म्हणाला कुणास ठाऊक.