डिसेंबरचा बालचित्रपट : तीन हेझलनट आणि आशेनब्रोडेल

प्रेषक : कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात मुलांसाठी 'ड्राय हाझेलन्युसे फ्युर आशेनब्रोडेल' (म्हणजे 'आशेनब्रोडेलसाठी तीन हेझलनट'; आशेनब्रोडेल हे सिंड्रेलाचं जर्मन नाव) दाखवावा, अशी सूचना आली आहे. १९७३ सालचा हा परीकथापट चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीनं मिळून काढला. दिग्दर्शक वात्स्लाव वोर्लिचेक. नाताळात तो इथे जर्मनीत टीव्हीवर लागतोच, त्यामुळे बऱ्याच जणांनी पाहिला असेल. हॉलमध्ये दाखवायचा तर वितरकाकडून परवाना घ्यावा लागतो, म्हणून आपली मतं रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक : केम्निट्सहून एक बाबा

नमस्कार,

माझं मत विरोधात आहे. पहिलं कारण, कथा सिंड्रेलाचीच. सावत्र आई छळते, मुलगी सोसते, राजपुत्र येऊन सोडवतो. मला दोन मुली आहेत आणि त्यांना हे पुन्हा पुन्हा दाखवावंसं वाटत नाही. दुसरं, शिकारीच्या प्रसंगात उडता पक्षी बाणानं पाडतात, आमची धाकटी ते पाहून रडली होती. तिसरं, भारतातून आलेल्या आजी-आजोबांना जर्मन कळत नाही, म्हणजे दीड तास ते नुसते बसून राहणार. मुलांना आवडेल असं काही नवीन, वेगवान बघूया का?

प्रेषक : ड्रेस्डेनहून, मराठी शाळेची ताई

दादा, समस्त मंडळी,

तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण हा चित्रपट मला फार जवळचा आहे आणि तो नेमका याच बाबतीत वेगळा आहे.

या आशेनब्रोडेलला कोणी सोडवत नाही. राजपुत्र तिला पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो हरणावर नेम धरून असतो आणि ती बर्फाचा गोळा मारून त्याचा नेम चुकवते. मग जंगलात पळापळ, पाठलाग, आणि ती निसटते! दुसऱ्या भेटीत ती शिकाऱ्याच्या वेशात येते. झाडाच्या शेंड्यावरचं पाइनचं फळ टिपून दाखव, असं आव्हान राजपुत्र तिला देतो आणि ती ते टिपते. त्याला ती कोण हे कळतही नाही. तिसऱ्या भेटीत, नाचाच्या समारंभात, तो सगळ्यांसमोर जाहीर करून टाकतो की मला नवरी सापडली. तेव्हा ती शांतपणे म्हणते, तू एक गोष्ट विसरलास, नवरीला तू हवा आहेस का ते विचारायचं राहिलं. आणि त्याला एक कोडं घालून निघून जाते. कोड्यातल्या तिन्ही खुणा तिच्या तीन रूपांच्या असतात, म्हणजे ज्यानं तिला तिन्ही वेळा नीट पाहिलं असेल त्यालाच उत्तर येणार. दादा, तुमच्या मुलींना हे दाखवायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं. विचारल्याशिवाय होकार गृहीत धरायचा नाही, हे आपण मुलांना किती शब्द खर्चून सांगतो! इथे आशेनब्रोडेल झालेली एकोणीस वर्षांची अभिनेत्री लिबुशे शाफ्रान्कोवा ते एका वाक्यात आणि एका नजरेत सांगते.

परी नाही, भोपळ्याची गाडी नाही. तीन जादूची हेझलनट आहेत, ज्यांतून तिला पोशाख मिळतात. विन्सेक नावाचा नोकर गावाला निघतो, तेव्हा वाटेत जे पहिल्यांदा तुझ्या नाकावर पडेल ते माझ्यासाठी आण, असं तिनं सांगितलेलं असतं. परतताना विन्सेक घसरगाडीत झोपलेला असतो आणि राजपुत्रच खोडी म्हणून झाडावर बाण मारतो, तेव्हा हेझलनट असलेलं घरटं विन्सेकवर पडतं. म्हणजे जादूची सुरुवातसुद्धा पोरांच्या मस्तीतून होते. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या चेक लेखिका बोझेना न्येम्त्सोवा यांच्या कथेतली. पटकथा फ्रांतिशेक पाव्लिचेक यांची. १९६८ साली सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, त्यानंतरच्या दडपशाहीत त्यांना लिहायला बंदी होती, म्हणून श्रेयनामावलीत बोहुमिला झेलेन्कोवा हे नाव गेलं. ज्याचा स्वतःचा आवाज बंद केलेला, त्यानं इतकी मोकळी मुलगी लिहिली, हे लक्षात आल्यापासून मी तो नाचाचा प्रसंग वेगळ्याच नजरेनं पाहते.

वेग कमी आहे हे खरं, पण त्या संथपणात बघायला खूप आहे. पोशाख थेओडोर पिश्त्येक यांचे, ज्यांना पुढे १९८५ साली वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. चित्रीकरण खरं तर उन्हाळ्यात व्हायचं होतं. बाबेल्सबर्गच्या देफा या पूर्व जर्मनीच्या सरकारी स्टुडिओच्या सोयीसाठी ते हिवाळ्यात गेलं, आणि आज बर्फाशिवाय हा चित्रपट डोळ्यांपुढे येत नाही. कारेल स्वोबोडा यांचं संगीत सुरू झालं आणि घोडा बर्फातून दौडू लागला, की माझ्या वर्गातली सगळ्यात चुळबुळी मुलंही गप्प होतात.

पक्ष्याचं मात्र पटतं. तो प्रसंग आधी मुलांना सांगून ठेवायला हवा.

आता भाषेचं. नॉर्वेत हा चित्रपट दर वर्षी २४ डिसेंबरला सकाळी टीव्हीवर दाखवतात आणि त्यात राजा, राणी, सावत्र आई, आशेनब्रोडेल, सगळ्यांचे संवाद एकटे क्नुट रिसान हे अभिनेते बोलतात! मागे मूळ चेक संवाद ऐकू येत राहतात. नॉर्वेजियन लोकांना तो आवाज इतका प्रिय आहे की त्याशिवाय त्यांचा नाताळ होत नाही. मग आपल्यातल्या एकानं माइक घेऊन मराठीत का बोलू नये? जर्मन आवाज थोडा कमी ठेवायचा. संवाद मी लिहिते, आणि कोडं मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांकडून यमक जुळवून घेते. मात्र असं वाचन चालेल का, ते परवाना मागतानाच वितरकाला विचारावं लागेल.

प्रेषक : लाइपझिगहून, सध्या लेकीकडे आलेली एक आजी

सप्रेम नमस्कार.

मागच्या नाताळात मी हा सिनेमा नातवाबरोबर पाहिला. जर्मनचा गंध नाही, तरी काही अडलं नाही. ती बाई मसूर आणि मका एकत्र ओतून पोरीला निवडायला बसवते आणि कबुतरं येऊन निवडून देतात, हे कळायला भाषा कशाला हवी? आमच्या वेळच्या बालनाट्यांत अशा कजाग बाया असायच्या, मुलं त्यांच्यावर ओरडायची. इथेही शेवटी मायलेकी घसरगाडीसकट तळ्यात पडल्या तेव्हा नातवानं टाळ्या वाजवल्या. मला त्या पोरीचं घुबड फार आवडलं. तिच्या जपून ठेवलेल्या वस्तूंची ते राखण करतं. घरात आपलं म्हणावं असं कोणी नसलेल्या मुलीला तेवढा आधार दिलाय, ते बघून बरं वाटलं.

मराठीत ऐकायला मिळालं तर आनंदच. सावत्र आईचे संवाद म्हणायला मी तयार आहे.

प्रेषक : केम्निट्सहून एक बाबा

ताई, आजी,

काल रात्री मोठीबरोबर पुन्हा पाहिला. नाचाचा प्रसंग तिनं तीनदा मागे नेऊन बघितला आणि कोड्याचं उत्तर राजपुत्राच्या आधी सांगितलं. माझा विरोध मागे घेतो. धाकटी त्या पक्ष्याच्या प्रसंगापुरती माझ्याबरोबर बाहेर थांबेल, आणखी कोणाची मुलं असतील तर तीही येऊ देत.

एक सूचना. ज्याच्या पायरीवर आशेनब्रोडेलचा बूट राहतो तो राजवाडा मोरित्सबुर्गचा, ड्रेस्डेनपासून अगदी जवळ. हिवाळ्यात तिथे या चित्रपटाचं प्रदर्शन असतं, आणि राडेबॉइल ओस्ट स्टेशनहून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी थेट तिथवर जाते. जानेवारीत मुलांना घेऊन जाऊया. तिकिटांची चौकशी मी करतो, किती जण येणार ते इथेच कळवा.