साडेतीन वर्षांच्या लेकीला दम्यामुळे दुसऱ्यांदा ॲडमिट करावं लागलं. रात्री नेमकं काय पाहायचं?

लेकीला काल घरी आणलं. पाच महिन्यांत ही दुसरी खेप. दोन्ही वेळा सुरुवात सारखीच: साधी सर्दी, दुसऱ्या रात्री खोकला आणि पहाटेपर्यंत छातीचा भाता. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान मुलांत दमा उसळतो तो बहुतेकदा सर्दीच्या विषाणूंमुळेच.

मागच्या वेळी रोजचा ब्युडेसोनाइडचा पंप दिला होता. दोन महिने नेमाने दिला. मग खोकला गेला, ती पळू-खेळू लागली, घरातले मोठेही म्हणाले की पंपाची सवय लागते, आणि आम्ही कोणाला न विचारता तो बंद केला. साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतं. आतली सूज आटोक्यात राहते ती रोजच्या पंपाने. ती बरी दिसत होती ते त्या पंपामुळेच, हे आता कळतंय. फार लागलंय मनाला.

पंप आता चालूच राहणार. मला विचारायचंय ते रात्रीबद्दल. त्या रात्री मी छातीतली शीळ ऐकत बसले होते. शीळ मंदावली तेव्हा वाटलं, उतार पडला. वॉर्डात कळलं की हवाच कमी आत-बाहेर होत असेल तरी शीळ मंदावते. मग भरवसा कशावर ठेवायचा? शिवाय मास्क जवळ नेला की ती किंचाळते, आणि रडताना औषध आत फारसं पोचत नाही म्हणतात. तुम्ही काय करता?

प्रतिसाद

माझा मुलगा लहानपणी तीनदा ॲडमिट झालाय, म्हणून लिहितेय. शर्ट काढून उजेडात पाहा. बरगड्यांमधली किंवा गळ्याच्या खोबणीतली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते का? शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. या वयात ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान. बोलता किंवा पिता येत नाही, मूल सुस्त पडलंय, ओठ निळसर दिसतायत, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. साल्ब्युटामॉलचा उतार चार तासही टिकत नसेल तरी निघा.

मास्कची भीती बऱ्या दिवसांत घालवायची. रिकामा स्पेसर (पंप आणि मास्क यांच्या मधली प्लास्टिकची नळी) खेळायला द्या, आधी बाहुलीला लावू द्या. पंप एका वेळी एकदाच दाबायचा, मास्क चेहऱ्याला नीट टेकवून पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे, मग पुन्हा. आणि स्पेसर धुतल्यावर आतून पुसू नका, तसाच वाळू द्या. पुसल्याने स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून राहतं.

मूळ प्रश्नकर्ती

मी प्रत्येक वेळी कापडाने कोरडा करत होते! खूप आभार. उद्या फेरतपासणी आहे. कोणत्या लक्षणाला किती वेळा पंप द्यायचा आणि कधी निघायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेणार आहे. आणखी काही विचारावं असं वाटत असेल तर आज रात्रीपर्यंत जरूर सांगा.