लापान-ए२: पुण्यातून का नाही डोक्यावर येत?

हॅमसॅट या आपल्या हौशी रेडिओ उपग्रहानंतर आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटने सोडलेला लापान-ए२ पुण्यात कधीच डोक्यावरून का जात नाही, असा प्रश्न पडतो. कारण कक्षा. इंडोनेशियाचा हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून भारताच्या अंतराळ दुर्बिणीबरोबर, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटबरोबर गेला. अ‍ॅस्ट्रोसॅटला विषुववृत्ताशी फक्त ६ अंश कललेली कक्षा हवी होती, तीच यालाही मिळाली. इंडोनेशिया विषुववृत्तावरच पसरलेला, त्यामुळे त्यांना दिवसाला चौदाएक फेऱ्या मिळतात. सोन्याहून पिवळं!

आपण १८-१९ अंश उत्तर अक्षांशावर. उंची ६५० किमी धरून मी कागदावर आकडेमोड केली: उपग्रह विषुववृत्ताच्या ६ अंश उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला असताना दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंश वर येतो, आणि ६ अंश दक्षिणेला असला की जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे दक्षिणेकडे इमारत किंवा डोंगर असेल तर विसरा. गच्ची गाठा, यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) दक्षिणेकडे जवळजवळ आडवी धरा.

काम मुख्यतः पृथ्वीनिरीक्षणाचं: कॅमेरे आणि जहाजांचे एआयएस संदेश (जहाजाची ओळख आणि ठिकाण सांगणारे) टिपणारा रिसीव्हर. ओरारी या तिथल्या हौशी रेडिओ संघटनेसाठी एफएम रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र) आणि एपीआरएस (रेडिओवरून ठिकाण व छोटे संदेश पाठवायची पद्धत) सोबत दिलं, आपत्तीत उपयोगी पडावं म्हणून. रिपीटर कायम चालू नसतो, त्यामुळे शांतता ऐकू आली तर लगेच अँटेनाला दोष देऊ नका.

ऐकायला ४३५.८८० मेगाहर्ट्झ, पण डॉपलरमुळे (उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते) सुरुवातीला सात-आठ किलोहर्ट्झ वर लावा आणि हळूहळू खाली या. बोलायला १४५.८८०, ८८.५ हर्ट्झच्या टोनसह (आवाजासोबत पाठवायचा, रिपीटर उघडणारा सूर). अर्थात हौशी रेडिओचा परवाना असेल तरच.