बॅटरी बसली तेव्हा: डिकीतल्या जंप स्टार्टरचे (आणि तो नसतानाचे) अनुभव

होटगी रोडकर

परवा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचं दारूकाम बघून परत येत होतो. होम मैदानापासून पार्क चौकापर्यंत मुंगीच्या पावलानं गाड्या. एका गल्लीच्या तोंडाशी एक जुनी पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी. आत आजी आणि दोन पेंगुळलेली पोरं, बाहेर एक गृहस्थ मोबाइलचा उजेड बॅटरीवर पाडून नुसतेच बघतायत. (आपण सगळे हेच करतो. बॉनेट उघडून आत बघायचं, जणू काही कळतंय.) किल्ली फिरवली की टक-टक-टक-टक.

मी डिकीतून जंप स्टार्टरचा डबा (बसलेल्या बॅटरीला जोर देणारी छोटी बॅटरी) काढला, लाल चिमटा, काळा चिमटा, म्हटलं मारा सेल्फ. एका दमात सुरू. पोरगं जागं होऊन म्हणतं, "काका, तुम्ही मोबाइलच्या चार्जरनं गाडी चालू केली?"

घरी येईपर्यंत मला २०१४ची रात्र आठवत होती. आईला रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं होतं, मावसभावाच्या केळवणाला. पिशवीत तीन डझन कडक भाकरी, दोन किलो शेंगाचटणी. दुपारी भाच्यांनी गाडीत बसून बोरं खाल्ली आणि आतला दिवा तसाच ठेवला, एक दारही नीट लागलेलं नव्हतं. बॅटरी आधीच चार वर्षांची. दहा वाजता किल्ली फिरवली तर दिवा मिणमिणला आणि विझला. शेजारचे तिघं लुंगी-बनियनवर ढकलायला आले, तर आमची गल्ली नेमकी चढाची. रिक्षा मिळेपर्यंत साडेदहा. प्लॅटफॉर्मवर पोचलो तेव्हा शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसला, बस.

आई पिशवीवर बसली आणि म्हणाली, "रेल्वेची गाडी गेली न् घरची गाडी हलली नाही." आजही कुठं निघायचं म्हटलं की हे वाक्य ऐकून मगच निघतो. भाकरी आठवडाभर आम्हीच खाल्ली.

मग दोन वर्षांपूर्वी हा डबा घेतला. आतापर्यंत पाच वेळा वापरला, त्यातला एकदाच स्वतःच्या गाडीला. तुमचे अनुभव लिहा. आणि आपल्या उन्हात हा डबा गाडीत ठेवावा की नाही, हे कुणी जाणकार सांगा. मला त्याची धास्ती आहे.

शेंगाचटणी

पहिली! आईंचं वाक्य भारीच. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

डबल बेडशीट

आमच्याकडं टेम्पो होता, चादरीचे गठ्ठे टाकून रोज एमआयडीसी ते ट्रान्सपोर्ट. एकदा बॅटरी बसली म्हणून शेजारच्या टेम्पोवरून वायर टाकली. अंधार, घाई, दोन्ही वायरी काळ्या. उलट्या लागल्या. ठिणगी अशी उडाली की हातातली वायर फेकून मी डायरेक्ट नालीत. फ्यूज गेला, अल्टरनेटरचे (चालत्या गाडीत बॅटरी भरतो तो) डायोड गेले, साडेसहा हजारला चुना. वर वडील म्हणाले शिकलेला मुलगा आहे म्हणे

आता डबा आहे. चिमटे उलटे लागले तर तो बोंबलतो आणि करंट सोडत नाही. मला एवढंच पाहिजे होतं आयुष्यात.

मोहोळ अप-डाउन

मी शाळेत शिकवते, रोज सोलापूर-मोहोळ. गाडी ऑटोमॅटिक. माझा अनुभव थोडक्यात: एप्रिल, दुपारचे दीड, हायवेच्या कडेला एक फोन आला म्हणून थांबले. इंजिन बंद, एसीचा पंखा आणि गाणी चालू. पंचवीस मिनिटं बोलले (नणंद होती, कमी बोलता येत नाही). नंतर गाडी सुरूच होईना.

दोन मुलं बाइकवरून थांबली, बिचारी भली होती. म्हणाली ताई, तुम्ही बसा, आम्ही धक्का मारतो. अर्धा तास त्या उन्हात ढकलत होती. मग एक ढाबेवाले काका आले, आत डोकावले आणि म्हणाले, "अरे हिला क्लचच नाही, पंढरपूरपर्यंत ढकला, सुरू होणार नाही." त्या पोरांचा चेहरा मला अजून आठवतो. दोघांना ताक पाजलं.

शेवटी १०३३ला फोन केला. राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा नंबर आहे, बऱ्याच जणांना माहीतच नसतो, मोबाइलमध्ये घालून ठेवा. त्या आठवड्यात भावानं जंप स्टार्टर पाठवला. तीनदा लागला. दोनदा चालला. तिसऱ्यांदा डबाच डिस्चार्ज, कारण आठ महिने मी त्याला चार्जिंगच लावलं नव्हतं. विहीर आहे पण पोहरा नाही, असला प्रकार.

बार्शी लाइट

नणंद होती, कमी बोलता येत नाही >> हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

निवृत्त वर्कशॉप

होटगी रोडकर, तुमच्या प्रश्नाकडे येतो. ३१ वर्षं डेपोच्या वर्कशॉपात काढली, त्यातली निम्मी बॅटरी रूममध्ये. कपड्यांना ॲसिडची भोकं पडायची, बायको दर महिन्याला भांडायची.

लोकांना वाटतं थंडीनं बॅटरी जाते. जीव जातो थंडीत, पण मारलेली असते उन्हानं. उष्णतेनं आतलं पाणी उडतं, प्लेटा गंजतात. मे महिन्यात इंजिन फिरवायला सोपं असतं म्हणून कळत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, बॅटरीत जोर नसतो, मग टक-टक. आपल्याकडं पारा ४२-४३ला जातो. सोलापुरात तिसरा मे पाहिलेल्या बॅटरीवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

एक साधा व्होल्टमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४च्या मध्ये हवं. तिथं १२.५च दिसलं तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटर चार्ज करत नाही. मग तुम्ही डबा लावा नाहीतर देवाचा अंगारा लावा, थोड्या वेळानं पुन्हा बंद. कित्येक जण अशा वेळी नवी बॅटरी घेतात आणि पंधरा दिवसांनी ती पण बसते.

आणि टर्मिनल बघा आधी! त्यावर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साचते. दहातल्या तीन-चार गाड्या नुसतं टर्मिनल गरम पाण्यानं धुऊन आवळलं की सुरू होतात. वर व्हॅसलीन लावायचं.

डब्याचं: आत लिथियमचे सेल असतात. उन्हात बंद गाडीत साठ अंशांच्या वर सहज जातं, डॅशबोर्डवर तर त्याहून जास्त. तिथं ठेवायचाच नाही. डिकीत, सीटखाली, सावलीत. मार्च ते जून मी घरी काढून ठेवतो आणि लांब जाताना नेतो. तीन महिन्यांनी एकदा चार्ज.

आसरा चौक

काकांना +१. मी तो डॅशबोर्डवरचा शहाणा. मे महिना, ऑफिसबाहेर उघड्यावर पार्किंग. संध्याकाळी बघतो तर डबा पुरीसारखा टम्म. बायको म्हणाली दाबून बघ. नशीब दाबला नाही. फुगलेला सेल टोचायचा नाही, चार्ज करायचा नाही, घंटागाडीत तर अजिबात टाकायचा नाही. ई-कचरा घेणारा सापडेपर्यंत तीन दिवस गच्चीवर वाळूच्या घमेल्यात ठेवला होता. आईला वाटलं काहीतरी उतारा आहे, ती त्या बाजूला कपडे वाळत घालेना.

साधा माणूस ७७

एवढं कौतुक कळलं नाही. चारपाचशे रुपयांची जंपर केबल मिळते, तिला चार्जिंग नको, ती फुगत नाही. बॅटरी वेळेवर बदला, विषय संपला. हल्ली प्रत्येक गोष्टीला डबा लागतो लोकांना.

मोहोळ अप-डाउन

केबलला दुसरी गाडी लागते हो. आणि ती थांबवायला रात्री अनोळखी माणसाला हात करावा लागतो. तुम्ही करू शकता, मी नाही करणार.

साधा माणूस ७७

हा मुद्दा बरोबर आहे. मागे घेतो.

निवृत्त वर्कशॉप

केबल वाईट नाही, फक्त जाड तांब्याची हवी. बारीक वायर गरम होते आणि गाडी काही सुरू होत नाही. क्रम ध्यानात ठेवा: लाल बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लाल चांगल्या प्लसला, मग काळा चांगल्या मायनसला, आणि शेवटचा काळा बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. एकाच्या भुवया जळालेल्या मी पाहिल्यात.

का बे सोल्लापूर

काय करलालाव बे सगळे! माझ्या गाडीला किक हाय, दोन किक मारतो न् जातो. बॅटरी २०१९ला काढून टाकली, हॉर्न पण नाही, तोंडानं ओरडतो

बार्शी लाइट

तूच का तो सात रस्त्याला ओरडत जाणारा? (दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या)

का बे सोल्लापूर

दिवाच नाही बे गाडीला

शेंगाचटणी

आले. आमचा किस्सा हुरड्याचा आहे. मंगळवेढ्याजवळ मिस्टरांच्या मित्राचं शेत, माणसं बावीस. गाडीची चारही दारं उघडी, आतले दिवे चालू आणि गाणी तीन तास. निघताना सगळ्यांच्या गाड्या गेल्या, आमचीच बसली. मित्र म्हणाले थांबा वहिनी, आणि ट्रॅक्टर घेऊन आले. मला वाटलं ओढून नेणार. तर ट्रॅक्टरची बॅटरी पण बारा व्होल्टचीच असते म्हणे. वायर लावली, दोन मिनिटांत गाडी सुरू. आमच्या ह्यांनी घरी येईपर्यंत भीतीनं इंजिन बंद केलं नाही, रेल्वे फाटकावर सुद्धा.

हुरडा मात्र असा की विचारू नका. गूळभेंडी ज्वारीचा, आगटीतून काढून हातावर चोळून थेट वाटीत. सोबत दही आणि माझी चटणी.

मुक्काम पुणे

गूळभेंडी!! इथं पुण्यात शेतावरच्या हुरडा पार्टीचं तिकीट लावतात आणि वर चाट मसाला टाकतात.

शेंगाचटणी

चाट मसाला? देवा.

डबल बेडशीट

चाट मसाला टाकणाऱ्याला उलट्या वायरी लावा

होटगी रोडकर

हुरड्याचा वेगळा धागा काढा रे. :) काका, माहितीसाठी खूप धन्यवाद. डबा आत्ताच घरात आणला.

मुक्काम पुणे

आता विषयावर लिहितो.

वडिलांची गाडी सोलापूरच्या घराच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली उभी आहे. ते जाऊन अडीच वर्षं झाली. मी महिन्या-दीड महिन्यानं येतो. उभ्या गाडीत सुद्धा घड्याळ, सेंट्रल लॉक असलं काहीबाही थोडी थोडी बॅटरी खात असतं, त्यामुळं दर वेळी ती पूर्ण बसलेली. पहिल्यांदा डबा लावला तर त्यानं बॅटरी ओळखलीच नाही, इतकी ती खाली गेलेली. मग मॅन्युअल वाचलं. अशा वेळी बूस्टचं बटण वेगळं दाबावं लागतं, आणि तेव्हा उलट्या चिमट्याचं संरक्षण बंद असतं, म्हणून दोनदा बघून लावायचं.

गाडी सुरू झाली की रेडिओ आपोआप लागतो, ते शेवटी ऐकत होते त्या आकाशवाणीवर. मी विजापूर रोडनं तासभर फिरवून आणतो. नुसती जागेवर चालू ठेवून बॅटरी फारशी भरत नाही, म्हणून. बायको म्हणते विकून टाक, मेकॅनिक म्हणतो निदान मायनसची वायर काढून ठेवत जा, बॅटरी उतरणार नाही. तेही बरोबर आहे. पण मग स्टेशन पुन्हा लावावं लागेल.

मोहोळ अप-डाउन

नका काढू वायर.

आसरा चौक

_/\_

निवृत्त वर्कशॉप

बॅटरीला जोडून ठेवायचा छोटा चार्जर मिळतो, भिंतीवरच्या पिनेतून चालतो. भरली की आपोआप थांबतो, पुन्हा कमी झाली की लागतो. वायर काढायची गरज नाही. आवारात प्लग आहे का?

मुक्काम पुणे

पडवीत आहे काका. बघतो या खेपेला. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

नवी गाडी

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (चुकून दुसऱ्या धाग्यावरचं इथं पडलं.)

नवी गाडी

आलेच आहे तर विचारते, माझी १२०० सीसी पेट्रोल, सीएनजी बसवलेली. कुठला घ्यावा? खोक्यावर कुणी १००० अँपिअर लिहितं, कुणी २०००. आणि त्यावर मिक्सर चालतो का, आमच्याकडं शुक्रवारी लाइट जाते.

निवृत्त वर्कशॉप

ताई, खोक्यावरचा मोठा आकडा क्षणभराचा असतो, त्यावर जाऊ नका. तुमच्या गाडीला छोटाही चालेल, डिझेल असती तर मोठा सांगितला असता. सीएनजीनं बॅटरीत काही फरक पडत नाही, पद्धत तीच. पेट्रोलवर सुरू करा. एका वेळी सेल्फ तीन-चार सेकंदच मारायचा, नाही झाली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. तीन वेळात नाही झाली तर दुखणं दुसरं आहे. सुरू झाली की चिमटे लगेच काढा.

मिक्सर नाही चालणार.

डबल बेडशीट

मोबाइल चार्ज होतो मात्र. आमच्या पोरानं त्यावर गेम खेळून संपवला, मला अक्कलकोट रोडला कळलं.

साधा माणूस ७७

बघा! केबलवर गेम खेळता येत नाही.

शेंगाचटणी

रच्याकने (जाता जाता), त्या शेताच्या मालकांनी पुढच्या रविवारी परत बोलावलंय. कोण कोण येणार? चटणी माझी, दही तिथलंच.

का बे सोल्लापूर

मी येलालो. किक मारून

होटगी रोडकर

मी पण. आईला विचारतो. डबा डिकीत असेल, गाणी खुशाल लावा.